लहान गावाची माणसं मोजायची कशी आणि तिथवर पोचायचं कसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि शिमग्याच्या आधी आठ दिवस माझा फोन शांत नसतो. पणजोबांचं घर पहिल्यांदा बघायला निघालेली डोंबिवलीची मुलगी, बदलीचा आदेश हातात घेऊन बसलेले गुरुजी, ‘प्रकल्पात गावाची लोकसंख्या किती लिहू?’ म्हणून विचारणारं अकरावीचं पोर. माणसं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वर तालुक्यातलं, डोंगराच्या अंगावर चार वाड्या पसरलेलं. नाव मुद्दाम घालत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं आजूबाजूच्या पन्नास गावांना तसंच्या तसं लागू पडतं.

तालुका संगमेश्वर ना? मग संगमेश्वरलाच उतरायचं?

काम कसलं आहे त्यावर. घरी यायचं असेल तर हो. दाखला, फेरफार, तहसीलदाराची सही असलं काही असेल तर देवरुखला जा. तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण कचेरी देवरुखला आणि एसटीचं आगारही देवरुखलाच. संगमेश्वर शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. देवरुख तिथून आत. बाहेरचा माणूस इथेच एक खेप फुकट घालवतो.

आमच्या गावाच्या नावाची दोन गावं सापडली. खरं कुठलं?

दोन्ही खरी. नावापुढे बुद्रुक आहे की खुर्द ते बघा. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. आता कित्येक ठिकाणी धाकट्यात माणसं जास्त आणि थोरल्यात कमी, पण नावं तीच राहिली. लग्नाला जाताना मी स्वतः खुर्दाऐवजी बुद्रुकला उतरलो होतो. अक्षता पडून गेल्या, जेवण मिळालं.

खात्री करायची तर गावाचा संकेतांक बघा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. नावात गफलत होते, क्रमांकात होत नाही.

लोकसंख्येचा आकडा अजून २०११ चाच का?

कारण त्यानंतर शिरगणती झालेलीच नाही. २०२१ ची करोनामुळे पुढे गेली ती गेलीच. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. ठरल्याप्रमाणे घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भाची वेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे.

तोवर कोणी ‘२०२४ ची लोकसंख्या’ म्हणून आपल्या गावाचा आकडा दाखवला तर तो जुन्या आकड्याला टक्केवारी लावून काढलेला अंदाज समजावा. त्यातही गंमत अशी की टक्केवारी चढती लावतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत घटली. सिंधुदुर्गाचंही तेच. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. राज्याची सरासरी आमच्या गावाला लावली की ओस पडलेल्या पडव्यांतही पोरं खेळायला लागतात, कागदावर.

माझे आजी-आजोबा, काका, सगळे मूळचे गावचे. मग गावच्या आकड्यात ते का नाहीत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा प्रश्न आहे. जनगणना मूळ गाव विचारून माणूस मोजत नाही. तो राहतो कुठे, हे बघते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या काळात जो घरी होता, किंवा थोडे दिवस तरी घरी राहून गेला, तो गावात धरला. जो सगळा काळ बाहेर होता तो जिथे सापडला तिथे. काका नालासोपाऱ्यात होते, ते तिथे मोजले गेले. घर गावात आहे, घरपट्टी भरतात, रेशनकार्डावर नाव होतं, यातल्या कशानेही फरक पडत नाही.

फेब्रुवारी हा आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात रिकामा महिना. भात कापून झालेलं, आंबा अजून लहान, काजू नुकता धरलेला, आणि चाकरमानी शिमग्याची रजा टाकून मुंबईतच. २०११ ची होळी १९ मार्चला आली, मोजणी संपून तीन आठवडे होत आले होते. मोजणी पालखी नाचताना झाली असती तर गाव दुप्पट भरलं असतं, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तो आकडा मग खोटाच ठरला असता, हेही खरं. पालखी देवळात गेली की चौथ्या दिवशी दारांना कुलपं.

हा प्रकार कोकणापुरता नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आसपास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्याच्या फडावर असतात. फेब्रुवारीत त्यांचं गाव म्हातारी माणसं आणि शेरडं सांभाळत बसलेलं असतं. फरक एवढाच की त्यांची माणसं पावसाळ्याआधी परततात, आमची निवृत्त झाल्यावर. तीही सगळी नाहीत.

गावात बायका इतक्या जास्त कशा?

वरच्याच कारणाने. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात सर्वांत जास्त. राज्याची सरासरी ९२९. वर्तमानपत्रात याचं कौतुक येतं, ‘मुलीचा जन्म साजरा करणारा जिल्हा’ वगैरे. आम्ही मान डोलावतो. खरं म्हणजे पुरुष गिरणीत गेले, मग कंपनीत गेले, आता सिक्युरिटीत आणि हॉटेलात जातात. लावणी, काटकी, देवाचं, म्हातारी सासू हे बघायला बाई मागे राहते.

अगदी लहान गावाचं लिंगगुणोत्तर काढायच्या फंदात पडूच नये. समजा एका वाडीत ४० पुरुष, ५२ स्त्रिया. गुणोत्तर १,३००. दोन मुलगे बारावी होऊन पनवेलला गेले की १,३६८. यातून निष्कर्ष काय काढणार?

साक्षरतेची टक्केवारी दोन ठिकाणी वेगळी येते.

भागाकार चुकलेला असतो. साक्षर माणूस म्हणजे सात वर्षांवरचा, कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा. म्हणून भागताना एकूण लोकसंख्येतून शून्य ते सहा वयाची पोरं वजा करायची. काहीजण वजा करत नाहीत, मग टक्केवारी उगाच खाली येते. अकरावीच्या पोराने एवढं जरी नीट केलं तरी गुरुजी खूष होतील.

माझ्या वाडीची लोकसंख्या कुठे मिळेल?

२०११ च्या जनगणनेत नाही मिळायची. तिचं एकक महसुली गाव. वरचीवाडी, खालचीवाडी, देऊळवाडी ही तुमची-आमची नावं. दोन वाड्यांत चढाचं अर्ध्या तासाचं अंतर असलं तरी कागदावर एकच ओळ. शिवाय आपली ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन महसुली गावं मिळून एक सरपंच, आणि ग्रामपंचायतीचा आकडा व गावाचा आकडा पुन्हा वेगळा.

मतदारयादीत वाडीचं नाव असतं, पण ती अठराच्या वरची, आणि तिच्यात मुंबईकरही भरपूर. ताजा आकडा हवा असेल तर अंगणवाडी ताईंकडे जा. घरोघरचं सर्वेक्षण त्यांच्या रजिस्टरात असतं. कोण बाळंतपणाला आलंय आणि कोण कायमचं गेलंय, हे त्यांना तलाठ्याच्या आधी कळतं. जुन्या नावाने वाडी सापडत नसेल तर नवं नाव विचारा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्याने २०२० साली घेतला, त्यानंतर काही वाड्यांच्या पाट्या बदलल्या आहेत.

यादीत एका गावापुढे लोकसंख्या शून्य आहे. छपाईची चूक?

नाही. त्याला बेचिराख गाव म्हणतात. शिवार आहे, सातबारे आहेत, चुली नाहीत. मूळ शब्द ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. मराठीने त्यात राख पाहिली. आपलं गाव अजून दिवा लावतं. चार वाड्यांपैकी एकीत मात्र संध्याकाळी तीनच ओट्यांवर उजेड दिसतो. तिथली शेवटची शाळकरी मुलगी गेल्या साली मामाकडे गेली, तेव्हापासून सकाळची गाडी त्या वळणावर थांबत नाही.

बरं, यायचं कसं? जवळचं स्टेशन?

कोकण रेल्वेचं संगमेश्वर रोड. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्या. रेल्वे संपूर्ण मार्गावर १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली. त्याआधी बोरिवली किंवा परळहून रात्रभर एसटी, पहाटे डोळे चोळत फाट्यावर.

एक खूण सांगतो. कोकणात स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ दिसला की गावासाठी अजून प्रवास बाकी असू शकतो असं धरून चालायचं. राजापूर रोडला उतरून राजापूर शोधणाऱ्यांना विचारा. संगमेश्वर त्या मानाने दयाळू आहे.

स्टेशनवरून पुढे?

रिक्षा, किंवा संगमेश्वर स्टँडवर येऊन एसटी. मुंबईहून थेट एसटी फक्त सणाला. गणपतीत जादा गाड्या सुटतात, आणि वाडीची माणसं एकत्र आली तर गट आरक्षणाने आख्खी गाडी थेट गावात नेता येते. आमची चाळीतून सुटते आणि देवळापाशी रिकामी होते. एरवी फाट्यापर्यंत या, पुढचं पुढे.

बाकी महाराष्ट्रातल्यांसाठी: तुमच्याकडे जे वडाप, काळी-पिवळी किंवा टमटम म्हणून चालतं ते आमच्या आतल्या रस्त्याला नाही. सीट भरत नाहीत म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून माणूस दुचाकी घेतो, मग सीट आणखी भरत नाहीत.

गावच्या एसटीची वेळ ऑनलाइन का दिसत नाही?

आरक्षण होणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याच तिथे दिसतात. गावफेरीला आरक्षण नसतं. वेळ विचारायची तर स्टँडवरच्या चौकशी खिडकीत, आणि त्याहून बरं म्हणजे फाट्यावरच्या टपरीत. फलकावर वेळ सुटायची असते. आपल्याला हवी असते ती आपल्या फाट्यावर यायची. ती टपरीवाल्याला पाठ आहे.

भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं. टप्पा संपल्यावर अर्धा किलोमीटर पुढे उतरलात तरी पुढच्या टप्प्याचे पैसे. आमच्याकडचे काही जण हे जाणून टप्प्याच्या थांब्यावर उतरतात आणि उरलेलं चालतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. ओळखपत्र विसरू नका, वाहक चांगला असला तरी मशीनला दया नसते.

‘वस्तीची गाडी’ म्हणजे काय?

घाटावर जिला मुक्कामी गाडी म्हणतात ती. संध्याकाळची शेवटची फेरी गावात येते, रात्र गावातच काढते आणि सकाळी पहिली फेरी म्हणून खाली उतरते. चालक-वाहक देवळाच्या किंवा शाळेच्या पडवीत झोपतात, थंडीत गाडीतच. आमच्याकडे त्यांना रात्री कोणी ना कोणी कालवण पाठवतं. पहाटे इंजिन तापवायला चालू केलं की वाडीला जाग येते. म्हाताऱ्या त्यावर चहा टाकतात, पोरं दप्तर भरतात. दूध, अबोलीचे गजरे, तहसीलच्या कामाची फाईल, कॉलेजची मुलं, सगळं त्याच एका गाडीने जातं.

गावाची आणि बाहेरच्या जगाची गाठ या एका फेरीवर आहे. सकाळची गाडी असेल तर पोरगी गावात राहून देवरुखला कॉलेज करते. नसेल तर ती नातेवाइकांकडे जाते, मागोमाग आई जाते.

मग फेरी बंद का होते?

भारमान. गाडीतल्या आसनांपैकी किती भरली, त्याचा हिशोब. लहान गावची फेरी सकाळी खचाखच उतरते आणि तासाभराने वर येताना वाहक आणि एक पोतं. दोन्हींची सरासरी काढली की फेरी तोट्यात. त्यात बरेचसे शाळकरी पासवाले. विद्यार्थ्यांचा पास सवलतीत आणि मुलींचा बारावीपर्यंत मोफत. सवलतीची भरपाई शासन करतं.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि पुढे ‘रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद झालं. ब्रीदात भारमान हा शब्द नाही, म्हणून आमची माणसं अजून ते ब्रीदच पुढे करतात. उपाय म्हणाल तर ग्रामपंचायतीचा ठराव, त्याला शाळेचं पत्र जोडून पासधारक मुलांची यादी, आणि हे सगळं जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी आगारात. नुसतं ‘गावाची गैरसोय होते’ लिहिलेल्या अर्जापेक्षा बारा मुलांची नावं जास्त वजनदार ठरतात. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात ज्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली ते नंतर गाडीकडे परतले नाहीत, हाही भाग आहे.

आमच्या वाडीला अजून पक्का रस्ता का नाही?

इथे लोकसंख्या आणि वाहतूक एकमेकांच्या पायात पाय घालतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिचा निकष: सपाटीवर ५०० किंवा अधिक लोकसंख्येची वस्ती, आणि ईशान्येसारखी डोंगरी राज्यं, पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग, वाळवंट इथे २५०. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही ५०० आणि २५० हेच आकडे आहेत, फक्त आधार २०११ च्या जनगणनेचा.

आता आपली वाडी बघा. मागे सह्याद्री, पुढे दरी, घरातून घरात जायला पाखाडीच्या पायऱ्या. पण महाराष्ट्र ‘डोंगरी राज्य’ नाही आणि रत्नागिरी जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. म्हणून योजनेच्या लेखी आपण सपाटीवर राहतो. ५०० माणसं दाखवा. आणि माणसं मोजली फेब्रुवारीत.

एक फट आहे. योजनेचं एकक महसुली गाव नसून वस्ती आहे, आणि ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात. दोन वाड्या भांडण बाजूला ठेवून एकत्र मोजल्या गेल्या तर आकडा जमू शकतो. शिवाय राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे, तिथेही विचारणा करावी.

खड्डा कोणाला दाखवायचा?

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा: पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्यमार्ग, केशरी तर ग्रामसडक. आपल्या रस्त्याला दगडच नाही, पण फाट्यापर्यंत उपयोगी पडतं.

जनगणनेत रस्त्याची नोंद असते का?

असते, आणि वाचण्यासारखी असते. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या गावनिहाय सूचीत बस, रेल्वे, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, पक्का रस्ता, बारमाही रस्ता, अगदी पायवाट असे वेगवेगळे रकाने आहेत. सोय गावात नसेल तर ती किती लांब ते अक्षराने: ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी ५ ते १०, सी दहाच्या पुढे. लहान गावाच्या ओळीत सी, सी, सी असं वाचत गेलं की शेवटी पायवाटेच्या रकान्यात ‘आहे’ सापडतं.

पावसाळ्यात येता येतं?

जुलैत शक्यतो नको. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की साकव, म्हणजे त्यावरचा लहान पूल, बुडतो आणि वरच्या दोन वाड्या तेवढ्या वेळापुरत्या तुटतात. ओसरायला कधी दोन तास, कधी रात्र. पाणी साकवावर असताना पाय टाकू नका, गुडघाभरच दिसलं तरी.

रात्री कोणी आजारी पडलं तर?

१०८ ला फोन. रुग्णवाहिकेचं भाडं लागत नाही. गरोदर बाईसाठी १०२ सुद्धा आहे. फोनवर वाडीचं नाव सांगून भागत नाही. फाटा, देऊळ, आणि गाडी कुठवर चढेल ते सांगा. तिथपर्यंत माणूस आणायचं काम आपलं: खुर्चीला दोन बांबू, चार खांदे. हल्ली चार खांदे जमवायलाही दोन वाड्यांत हाका माराव्या लागतात.

संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर?

घाबरू नका. रिक्षाने फाट्यापर्यंत या आणि तिथे रेंज असेपर्यंत घरी फोन करून ठेवा, वळणापुढे रेंज नाही. कोणी दुचाकी घेऊन उतरेल. नाहीच आलं तर विजेरी हातात धरून चालायला लागा, पाऊण तासाची वाट आहे. वडाच्या पाराशी दोन पाखाड्या फुटतात. उजवीकडची धरा. डावीकडची स्मशानात जाते.